हो म्हणणारं भूत

"आता सांगतो त्यावर तुमच्यातल्या एकाचाबी विश्वास बसणार न्हाई. पैज लावतो!" केरबा शेगरने हातातला रूळ कठड्यावर आपटला. "ह्याच खिंडीत, ह्याच जागेवर, बिगरदिव्याची सायकल चालवती म्हणून मी एका हडळीला पकडली. ठाण्यात नेली आन् शंभर उठाबशा काढायला लावल्या!"

अंगावर खाकी डगला, डोक्यावर तिरकी टोपी, छातीवर पत्र्याच्या डब्यातून कापलेला बिल्ला. केरबा सत्तरीचा होता, पण फौजदाराच्या वेशात तो अजूनही एखाद्या कामचुकार हवालदाराला घाम फोडेल असा दिसे. लोक हसतील म्हणून त्याने चार क्षण वाट पाहिली. कोणी हसलं नाही. रांगेतल्या तीनशे माणसांनी 'असेल बुवा' अशा माना डोलावल्या. हडळीचे पाय उलटे असतात, मग ती पायडल कसं मारेल, एवढं विचारायची अक्कलही त्या तीनशे डोक्यांत मिळून उरली नव्हती.

"मेंढरं," केरबा मिशीतल्या मिशीत म्हणाला. "मेंढरं तरी ब्यँ करत्यात."

शेगरांच्या घरात सात पिढ्या बहुरूपीपण चाललं होतं, आणि त्या धंद्याचा एक नेम होता. खोटं असं बोलावं की तिसऱ्या वाक्याला शेंबड्या पोरानेही ते पकडावं. कोणी 'ए, हा खोटा फौजदार!' असं ओरडलं की टाच जुळवून सलाम ठोकायचा, मग ओंजळभर धान्य घ्यायचं. पण खोटं पकडलं गेलंच नाही, तर ती बहुरूप्याची कला नव्हे, चोराची फसवणूक. त्या दाराशी पाणीसुद्धा प्यायचं नाही. केरबाच्या बापाने असे कितीतरी उंबरे तहानलेले सोडले होते.

पिशाचनगरीत नोकरी धरल्यापासून केरबाने एकदाही सलाम ठोकला नव्हता.

भैरवखिंडीतल्या त्या पिशाचनगरीत पाहण्यासारखं काही होतं अशातला भाग नाही. एक अंधारी बोळ, भिंतीतून लोंबणारे रबरी हात, शेवटी मानेवर थंड वाऱ्याचा फुसका झोत. सगळा मामला चार मिनिटांचा. त्यासाठी बाहेर अडीच तासांची रांग. सुरुवातीला माणसं कंटाळत, भांडत, निघून जात. मालकांनी जादूगार आणले, पडदे लावले, लाह्या वाटल्या. काही उपयोग झाला नाही. मग कानशिंपला आला.

दारावर तुमचा फोन मिनिटभर घेत. त्यात साठलेल्या जुन्या निरोपांतून आणि चित्रफितींतून तुमच्या एखाद्या मेलेल्या माणसाचा आवाज जुळवत. शिंपल्याएवढी एक वस्तू कानात बसवत, आणि रांग संपेपर्यंत तो आवाज तुमच्याशी गप्पा मारत राही. रांगेच्या कडेचा पितळी कठडा हाही नुसता कठडा नव्हता. तळहात टेकला की तो नाडी आणि घाम वाचे, आणि माणूस कंटाळला, बिचकला किंवा त्याला शंका आली की कानातल्या आवाजाला तत्काळ कळवी. त्याला नाडीकठडा म्हणत. 'तुमचं भूत, तुमच्या ओळखीचं!' अशी पाटी वर झळकत असे. जिवंतपणी ज्या आईचा फोन 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून कापला, तिच्याशी लोक आता भर उन्हात अडीच तास लाडेलाडे बोलत उभे राहत. आतलं भूत बघून बाहेर आल्यावर त्यांना विचारलं, 'काय पाहिलंत?' तर आठवत नसे.

बारा वर्षांखालच्या पोरांना शिंपला द्यायला बंदी होती. त्या पोरांनी रांगेत दंगा करू नये म्हणून केरबाला ठेवलेलं होतं. पण पोरंही आईबापांची तोंडं बघून मख्ख होऊ लागली होती.

एके दिवशी केरबाने पोरांना सहज ठोकून दिलं की इथल्या भुतांना चिंचेच्या चटणीची भयंकर भीती वाटते. तासाभरात समोरच्या भेळवाल्याची चटणी संपली. मोठी मोठी माणसं कपाळाला चटणी फासून आत चालली होती. काचेच्या केबिनमधून शर्वाणी दातार तरातरा खाली आली. रांगरंजन विभागाची ती प्रमुख. तिशीची, पांढऱ्या बुटांची, आणि समोरच्याकडे बघताना त्याच्या मागची भिंत बघते असं वाटायला लावणारी.

"काका, चटणीचं काय सांगितलंत तुम्ही?"

"पोरास्नी थाप मारली, मॅडम. पर ह्या बाप्यांस्नी काय झालं? कानात बुचं हाईत की त्यांच्या."

"कठड्यात माइक आहेत. रांगेत मोठ्यानं बोललेलं शिंपल्यांनाही ऐकू जातं. माणसानं बाहेर एक ऐकलं आणि कानात दुसरं, तर त्याला शंका येते. शंका आली की तो रांग सोडतो. म्हणून आवाज बाहेरच्याशी जुळवून घेतो. तुम्ही चटणी म्हणालात, प्रत्येकाचे आजोबा म्हणाले, हो रे बाळा, मला चटणीची भीती वाटते."

"म्हंजी मी काय बी बरळलो तरी भूत व्हय म्हणणार?"

"'नाही' म्हणायला आम्ही त्याला आता शिकवतच नाही. पहिल्या वर्षी शिकवलं होतं. एका गृहस्थांना त्यांचे वडील कानात म्हणाले, 'गप बस, गाढवा.' ते तडक घरी निघून गेले."

"तेवढं एकच भूत अस्सल हुतं म्हणायचं," केरबा म्हणाला.

शर्वाणी हसली नाही. तिने खिशातून रुमाल काढला, कठड्यावरचा चटणीचा डाग पुसला आणि वर निघून गेली.

केरबाला हे सगळं थट्टेवारी नेता आलं असतं. जगात मूर्ख आहेत म्हणून तर बहुरूप्याची चूल पेटते. पण त्या रांगेत दोन महिन्यांपासून त्याची धाकटी बहीण उभी होती.

हौसाबाई पहिल्यांदा आली ती भावाची भाकरी घेऊन. कामगाराची नातेवाईक म्हणून कोणीतरी तिला फुकटचा पास दिला, फोन घेतला, कानात शिंपला बसवला. तीन वर्षांपूर्वी वारलेला तिचा नवरा दौलत तिला म्हणाला, 'हौसा, जेवलीस का?' झालं. तेव्हापासून ती रोज सकाळी दार उघडताच रांगेत येई. दाराजवळ पोचली की शिंपला काढून द्यावा लागतो, म्हणून शेवटच्या वळणावर कठड्याखालून वाकून बाहेर निघे आणि पुन्हा शेपटाशी जाऊन उभी राही. आतलं भूत तिने एकदाही पाहिलं नव्हतं. तिचे पाय सुजले होते, गालाची हाडं वर आली होती. घरची शेळी शेजाऱ्यांनी नेली, हे तिला आठ दिवस कळलं नव्हतं.

केरबाने तिला खरं सांगून पाहिलं होतं. "हौसे, दौलतराव गेलं. मीच खांदा दिला. ही यंत्राची बडबड हाय."

हौसाने डोकं कलतं करून कानातलं ऐकलं आणि गोड हसली. "मालक बी त्येच म्हणत्यात, दादा. म्हणत्यात, यंत्र तर यंत्र, पर तुझंच हाय."

खरंसुद्धा गिळून टाकणारं जनावर होतं ते. त्याच्याशी भांडायचं कसं?

आणि आता दारावर नवीन फलक लागला होता. येत्या सोमवारपासून कानशिंपला घरी न्यायची सोय. पासधारकांना प्राधान्य. रांगेत असताना निदान संध्याकाळी सहाला पहारेकरी तिच्या कानातून तो काढून घेत असे. तेवढी रात्र तरी ती माणसांत असे, चूल पेटवत असे, भावावर खेकसत असे. सोमवारनंतर तेही नाही. घरी नेणाऱ्यांच्या यादीत हौसाचं नाव पहिलं होतं.

शनिवारी दुपारी केरबाने टोपी सारखी केली, पोरांकडे पाठ फिरवली आणि हौसासमोर कठड्यापाशी येऊन उभा राहिला.

"ऐका हो मंडळी! आज भुताची गोष्ट न्हाई. आज माझ्या मेव्हण्याची. दौलतराव! काय गडी हुता! तालमीत उतरला की लाल माती थरथरायची. एका बुक्कीत नारळ फोडायचा!"

खरा दौलत म्हणजे ओल्या मातीचं पोतं. देवळात नारळ फोडायचा तर पुजाऱ्याच्या हातात द्यायचा. त्याच्या अंगाला तालमीची माती लागली असेल तर ती पाय घसरून पडल्यावर. हौसा आता फिस्सकन हसणार, म्हणून केरबा बघत राहिला.

हौसाने डोकं कलतं केलं. ऐकलं. तिचा चेहरा उजळला. "व्हय की! फोडायचं. आत्ता म्हणालं मालक."

 केरबाने तरी रूळ फिरवला. "आन् गळा! भजनात दौलतरावानं तान घेतली की अख्खी आळी रडायची!"

दौलतचा आवाज फुटक्या घागरीसारखा होता. टाळ हातात दिले तर तेही चुकवायचा. हौसा स्वतःच त्याला म्हणायची, 'तुम्ही नुसतं टाळ्या वाजवा.' आता तिने पुन्हा ऐकलं, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई गोड गळा," ती म्हणाली. मागच्या दहाबारा जणांनी टाळ्या पिटल्या. दौलतला त्यांच्यातल्या एकानेही पाहिलेला नव्हता.

 आपण काय करतोय हे केरबाला आता कळलं. प्रत्येक न पकडलेल्या थापेबरोबर खरा दौलत पुसला जात होता. तो ढेरपोट्या, बेसूर, भित्रा माणूस, ज्याच्यावर केरबाने जन्मभर तोंडसुख घेतलं, तो आता फक्त हौसाच्या डोक्यात उरला होता, आणि तिथूनही केरबाच त्याला स्वतःच्या हाताने हाकलत होता.

"छान चाललंय, काका," शर्वाणी शेजारी येऊन म्हणाली. तिची नजर हातातल्या काचेच्या पाटीवर, नाडीच्या आकड्यांवर होती. "ह्या मावशींची नाडी बघा, काय संथ आहे! असंच रोज सांगत जा. सोमवारनंतर तुमच्या गोष्टी रेकॉर्ड करून घरच्या शिंपल्यांत टाकू."

"एवढी एक सांगू द्या, मॅडम," केरबा म्हणाला.  ही थापही हौसाने गिळली तर पुढे सांगण्यासारखं काही उरणार नव्हतं.

तो कठड्यावर वाकला. माइकना नीट ऐकू जावं म्हणून एकेक शब्द सुटा करत, हौसाच्या डोळ्यांत बघत बोलू लागला.

"त्यो महापूर आलता बघा. पंचगंगा आमच्या घराच्या पत्र्याला लागली. पाच दिवस पाऊस, ना होडी, ना लाइट. समद्या गल्लीनं देव पाण्यात घातलं. तवा दौलतराव उठला. धोतराचा काचा मारला. हौसाची म्हस एका खांद्यावर, हौसा दुसऱ्या खांद्यावर. आन् पत्र्यावरनं सूर मारला! मधल्या धारेला, आडवा! ह्या तीरावरनं त्या तीराला! म्हस म्हणती, दौलतराव, दमानं. दौलतराव म्हणतो, गप बस, मला पोहायची सवय हाय!"

टाळ्या वाजल्या. रांगेतला एक गलेलठ्ठ गृहस्थ "वा! असे पुरुष आता राहिले नाहीत," असं म्हणाला आणि त्याच्या कानातल्या कोणीतरी त्याला दुजोरा दिला असावा, कारण तो दुसऱ्यांदा "वा!" म्हणाला.

हौसाने डोकं कलतं केलं. ऐकू लागली.

तिच्या कपाळाला एक आठी पडली.

"काय म्हणालासा?" ती केरबाला नव्हे, कानातल्याला म्हणाली. "परत बोला."

तिने ऐकलं. शर्वाणीच्या पाटीवर काहीतरी लाल झालं. "काका, थांबा. विषय बदला. बदला लवकर!" केरबाने ओठ घट्ट मिटून घेतले. यापुढचं काम थापाड्याचं नव्हतंच.

"म्हस खांद्यावर?" हौसा म्हणाली. "आन् तुम्ही पोहला? तुम्ही?"

तिचा हात कठड्यावरून सुटला. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज वर चढला, आणि तो इतका चढला की पुढच्या मागच्या पंचवीस माणसांनी दचकून कानाला हात लावले.

"खोटं! साफ खोटं! पत्र्यावर पाच दिवस माझा पदर धरून पोरावानी रडत बसला हुता माझा नवरा! होडी आली तवा चढंना, चार माणसांनी उचलून टाकला! गुडघाभर पाण्यात उतरायचं तरी माझं बोट धरायचा त्यो! आन् तू म्हणतूस, व्हय हौसा, पोहलो?"

तिने कानातला शिंपला ओढून तळहातावर घेतला आणि कीड लागलेल्या दाण्याकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्या मालकाच्या आवाजात बोलणारा तू हाईस तरी कोण रं?"