दाजींची टाच आणि वीस टनांचा शंकू

२०७१ साली सावरखाडी गावाला एक कोडं पडलं आणि त्याचं उत्तर गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. साठ टनांची तबकडी उभी करायची तर कुठे? दगडासारख्या टणक खळ्यावर, की पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जाणाऱ्या पुळणीवर (समुद्राकाठच्या वाळूवर)?

शेळ्यांचं उत्तर चुकलं. त्यांच्याबरोबर सगळ्या गावाचंही.

तबकडी म्हणजे ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणारा अजस्र कान. तो आपल्या गावात यावा म्हणून अकरा वर्षांच्या कृत्तिकाने अवकाश केंद्राला चौदा पत्रं लिहिली होती. पंधरावं येण्याआधी केंद्राने हात टेकले. अट एकच, तबकडी केसभरही कलता कामा नये. आज संध्याकाळी पाचपर्यंत पक्की जमीन सापडली नाही, तर तबकडी शेजारच्या देवखोलला जाणार होती. देवखोलच्या मुलांनी स्वागताची कमान बांधून ठेवल्याची बातमी सकाळीच आली होती.

सावरखाडीत जमीन पास करायचे ते कृत्तिकाचे आजोबा, दाजी. चप्पल काढायची, उजवी टाच आपटायची आणि आवाज ऐकायचा. टाचेच्या होकाराशिवाय गावात पन्नास वर्षांत कोंबड्यांचं खुराडंही उभं राहिलं नव्हतं. खळ्याशेजारचं वाचनालय थोडं कललं होतं, पण ते वाऱ्याने, असं ग्रामसभेत एकमताने ठरलं होतं.

केंद्राने पाठवलेला यंत्रमानव दुपारी तीनला खळ्यावर आला. दिसायला तो रुंद पट्ट्यांवर चालणारा वीस टनांचा ट्रक होता. नाव शंकू.

"एवढा जाडा कशाला रे तू?" दाजींनी विचारलं.

"मी जमिनीत सळई दाबतो, आजोबा. हलका असतो तर सळई जागेवरच राहिली असती आणि मीच वर उचलला गेलो असतो."

दाजींनी टाच आपटली. ठण्ण! "दगड आहे. लिही, पास."

"लिहितो. त्याआधी जरा दाबतो."

शंकूच्या पोटातून लोखंडी सळई उतरली. तिचं टोक निमुळतं होतं, कृत्तिकाच्या मनगटाएवढं जाड. "ही शंकू-प्रवेश चाचणी (जमिनीत शंकूच्या आकाराचं टोक दाबून तिची ताकद मोजण्याची रीत)," तो म्हणाला. "सेकंदाला दोन सेंटिमीटर. वेग सगळीकडे सारखा ठेवला, तरच दोन जागांची तुलना करता येते."

त्याच्या पडद्यावर जमिनीच्या विरोधाचा आकडा उमटला. आठ. दाजींनी मिशीवरून हात फिरवला. सळई दीड मीटर खाली गेली आणि आकडा धाडकन उतरला. शून्य पूर्णांक तीन! पुढचे सात मीटर तो वर चढलाच नाही.

"यंत्र बिघडलं," दाजी म्हणाले.

"आजोबा, तुमची टाच किती खोल जाते?"

"टाच खोल कशाला जाईल?"

"म्हणूनच. वरचा थर उन्हात वाळून, तुडवून टणक झालाय. खाली सात मीटर खाडीचा चिखल आहे."

कृत्तिका पडद्याजवळ सरकली. "पण चिखलच कशावरून? मऊ वाळूही असेल!"

शंकूचे दिवे लुकलुकले. प्रश्न आवडला की त्याचं असं होई. "टोकाच्या वर एक बाही, म्हणजे सळईभोवतीची नळी आहे; कडेला माती किती घासते ते ती मोजते. घरी रव्यात चमचा खुपसलास, तर काय होतं?"

"आईने डबा आपटून आपटून भरला असेल तर चमचा आत जातच नाही. नुसता ओतला असेल तर सहज जातो."

"रवा तोच, पण आपटल्यावर कणांमधल्या फटी कमी झाल्या. हीच घनता. चमच्याच्या टोकाला होणारा विरोध म्हणजे टोक-प्रतिकार. आता चमचा कणकेत खुपस."

"सहज जाईल. पण कडेला चिकटेल!"

"ते बाहीचं घर्षण. टोकाला विरोध कमी आणि त्या मानाने कडेला चिकटणं जास्त, म्हणजे चिकणमाती. टोकाला विरोध खूप आणि कडेला त्या मानाने थोडं, म्हणजे वाळू. इथे खाली कणीक आहे."

कृत्तिकाने कललेल्या वाचनालयाकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं. दोघांनीही वाऱ्याचा विषय काढला नाही.

चार वाजून गेले होते.

"पुळणीवर बघूया?" ती एकदम ओरडली. "वर रवा नुसता ओतलेला असेल. पण खाली?"

जमलेलं गाव हसलं. सरपंच म्हणाले, "अगो पोरी, दाजींची टाच हो म्हणाल्याशिवाय गावात खड्डासुद्धा खणत नाहीत!"

सगळे पुळणीवर गेले. दाजींनी टाच आपटली आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. पन्नास वर्षांची टाच वाळूत रुतून बसली होती. दाजींनी नातीच्या तोंडाकडे पाहिलं.

"टाच नाहीच म्हणते," ते हळूच म्हणाले. "पण टाचेला खालचं कधी दिसलंय? दाब रे बाबा."

सळई उतरू लागली. आकडा एक. मग दोन. कृत्तिकाने डोळे मिटून घेतले.

"दहा!" सरपंच किंचाळले. "पंधरा! अठरा!"

"बाही?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"टोकाच्या मानाने अगदी थोडी," शंकू म्हणाला. "आपटून भरलेला रवा. लाटांनी हजारो वर्षं डबा आपटलाय." बारा मीटरपर्यंत आकडा उतरला नाही. आणखी दोन ठिकाणी दाबून पाहिलं, तिथेही तेच. "वरची मीटरभर सैल वाळू काढून पाया घाला. पास!"

पाचला सात मिनिटं होती. कृत्तिकाने अशी उडी मारली, की तीही घोट्यापर्यंत रुतली.

"माझा धाकटा भाऊ पुढल्या वर्षी मंगळावर चाललाय," सळई पोटात घेत शंकू म्हणाला. "तिथे घरं बांधायच्या आधी जमीन तपासायला."

"त्याला माझा निरोप सांग," दाजी वाळूत चप्पल शोधत म्हणाले. "वर ठण्ण वाजलं, तरी खाली विचारून घे म्हणावं."

"आणि तिथून काय उत्तर आलं," कृत्तिका म्हणाली, "ते आमच्या तबकडीवर आधी मी ऐकणार!"