चंद्रावर तरंगणारं फूल

शटल, म्हणजे आपलं फूल, जाळीला खेटून खाली आलं आणि सांची जागची हललीच नाही. तिला वाटलं, अजून भरपूर वेळ आहे. तोवर फूल जमिनीवर पडलंसुद्धा.

"बसची वाट बघतेयस का गं?" पलीकडून पृथ्वीराज म्हणाला. अख्खा हॉल हसला.

नाझनीन हसली नाही. ती सांचीची जोडीदार. मिरजेच्या त्या हॉलमध्ये चंद्रावरून आलेल्या मुलीला 'खेळतेस का' असं विचारणारी ती एकटीच. पण आज रॅकेट पिशवीत घालता घालता तिनंही हळूच सांगितलं, की रविवारच्या सामन्यातही असंच झालं तर ती दुसरी जोडीदार बघेल. ती रागावली असती तरी परवडलं असतं.

सांची वाढली चांद्रतळावर. आईबाबा अजून तिथंच कामाला. तिकडे राहून हाडं ठिसूळ होतात, म्हणून मुलांना मोठी होताना खाली पाठवतात. सांची मामाकडे आली. मामा प्रेमळ, पण दिवसभर दवाखान्यात. घरात फ्रीजची घरघर तेवढी सोबतीला.

वर तिच्याशी खेळायला एकच होता, ठोंब्या नावाचा रोबो. तिनं त्याला फोन लावला. चंद्रावरून उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात दरवेळी वाटतं, पलीकडे कुणी नाहीच.

तिनं कोडं घातलं. माझा स्मॅश (वरून खाली जोरात हाणलेला फटका) इथंही बरोबर बसतो. मग ड्रॉपलाच (जाळीपलीकडे अलगद टाकलेल्या फटक्याला) मला उशीर का होतो? हवा तर तिकडच्या हॉलमध्येही इथल्यासारखीच भरलेली असते.

"फुलाच्या मागे दोघी लागतात," ठोंब्या म्हणाला. "एक हवा, दुसरी जमीन."

मग त्यानं सावकाश समजावलं. पिसांचा घेर हवेला अडतो आणि फुलाचा वेग मरतो. हा हवेचा रोध (अडवणूक). कितीही जोरात मारा, फूल थोड्या अंतरात दमतंच, चंद्रावर काय नि मिरजेत काय. दमलेल्या फुलाला मग जमीन खाली खेचते. हे गुरुत्वाकर्षण (ओढ). चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढीच. स्मॅश इतका झटकन पोचतो की ओढीला सवडच मिळत नाही, म्हणून तो दोन्हीकडे जवळजवळ सारखा. ड्रॉप म्हणजे मुद्दाम दमवलेलं फूल. पुढचं सगळं ओढीच्या हातात. त्यामुळे चंद्रावर ते तरंगत येतं, खाली यायला इथल्यापेक्षा जवळपास अडीचपट वेळ घेतं.

सांचीला क्लिअरचंही (उंच, पार मागच्या रेषेपर्यंत धाडायच्या फटक्याचं) आपोआप उमगलं. वर फूल बराच वेळ हवेत राहायचं, तेवढ्यात पुढं सरकायचं. इथं ते अर्ध्यातच खाली येतं. म्हणजे जोर जास्त लावायला हवा.

"म्हणजे माझे पाय मंद नाहीत?"

दोन-तीन सेकंद शांतता.

"नाहीत. तू चंद्राएवढा वेळ थांबतेस. फुलाकडे बघत बसू नकोस, मारणाऱ्याचा हात बघ. हात सैल पडला की निघ."

तू आता कुणाशी खेळतोस, असं तिनं विचारलं. हॉलमध्ये सध्या खोकी ठेवलीत, एवढंच तो म्हणाला.

रविवारी सामन्याआधी सांचीनं नाझनीनला ठोंब्याचं म्हणणं सांगितलं. पृथ्वीराजनं सुरुवातीलाच ड्रॉप टाकले आणि सांची पुन्हा उभीच राहिली. मग पुढच्या एका फटक्याला पृथ्वीराजचं मनगट सैल पडलेलं सांचीला दिसलं. फूल त्याच्या रॅकेटला लागायच्या आतच ती निघाली. जमिनीपासून वीतभर वर तिनं ते गाठलं आणि पार मागं उचललं. पृथ्वीराज बघतच राहिला.

सामना त्या हरल्या. नाझनीन बाकावर पाणी पीत बसली. सांची थोडी लांब उभी होती. आता जोडी राहणार का, हे विचारायचा धीर होईना.

"वर ड्रॉप चालतच नाही?" नाझनीननंच विचारलं.

"नाही. हॉलला चक्कर मारून आलं तरी सापडतो."

"मग तिकडे जाळीजवळ काय मारतात?"

"माहीत नाही. शोधायला कुणी नव्हतंच."

नाझनीननं बाटली तिच्यापुढे धरली. "मोठं झाल्यावर जाऊन शोधू. आधी इथलं नीट करू. उद्यापासून जाळीजवळचं तुझं, मागचं माझं."

सांची तिच्या शेजारी बाकावर बसली.