एका पायावरचा माणूस

ऐका. त्या टॅरोच्या पत्तेवालीकडे मी नशीब बघायला गेलो नव्हतो. तिचा पत्ता तिच्याच तोंडावर फेकायला गेलो होतो. दादाला जाऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते.

आम्ही दोघं भाऊ उंच इमारती बाहेरून रंगवायचो. दादानं दोराला बांधलेल्या फळीवर बसून उतरायचं, मी गच्चीवरून दोर सांभाळायचा. त्या दिवशी दादाची फळी निसटली, पाय दोरात अडकला आणि तो चौथ्या मजल्याबाहेर उलटा लोंबकळला. सुटकेचा दोर हाताच्या अंतरावर होता. "दादा, धर ना," मी वरून ओरडत होतो. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. शिडीची गाडी यायला पाऊण तास लागला. दवाखान्यात त्याचा शर्ट मला दिला. खिशात हा पत्ता होता. एका पायानं उलटा टांगलेला माणूस, हात पाठीमागे.

बाईची खोली इस्त्रीच्या दुकानावर. खालून गरम कपड्यांचा वास येत होता. टेबलावर जांभळी मखमल, खिडकीला प्लास्टिकच्या चांदण्या. फसवायचं म्हटलं की सजावट लागतेच.

"याचा अर्थ सांगा," मी पत्ता टेबलावर आपटला.

ती घाबरली नाही. पोपटासारखं बोलायला लागली. "हा मरणाचा पत्ता नाही. याला कुणी शिक्षा दिलेली नाही, हा स्वखुशीनं टांगलाय. थांबणं, हातातलं सोडून देणं, जग उलटं बघणं असा याचा अर्थ. चेहरा बघ, किती शांत आहे. डोक्याभोवती तेज आहे."

"ज्यानं हे चित्र काढलं, त्यानं उलटा माणूस कधी पाहिलेला नाही. चेहरा काळानिळा पडतो बाई, डोळे बाहेर येतात. आणि तेजबिज काही नव्हतं. खाली मोबाईल वर धरलेली माणसं होती. सोडून दे, हे तुम्हीच शिकवलंत ना त्याला? म्हणून त्यानं दोर धरला नाही."

खालच्या इस्त्रीची वाफ फुसफुसत होती.

"तू त्याचा धाकटा भाऊ का?" तिनं हळूच विचारलं. "तो स्वतःसाठी आलाच नव्हता रे... म्हणाला, धाकटा उद्या पहिल्यांदा दोरावर उतरणार आहे. त्याच्यासाठी पत्ता काढा. हा आला."

त्या सकाळी फळीवर मीच बसणार होतो. दादानं मला मागे ओढलं. "तू वर थांब, आज मी उतरतो." मला राग आला होता. "मग आयुष्यभर तूच लटक," असं मी त्याला म्हणालो होतो.

"त्यानं विचारलं, दुसऱ्याचा पत्ता आपल्याला घेता येतो का? मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, जो उचलेल त्याचा. त्यानं उचलून खिशात घातला. मी परत मागितलासुद्धा नाही."

"थापा," मी म्हणालो.

"तुझ्याकडे कसा आला?"

"त्याच्या खिशातून."

"कुणी काढला?"

"मीच."

तिनं खुर्ची मागे सरकवली. पत्त्याला हात लावला नाही. "जा तू," एवढंच म्हणाली. मी तिच्या मखमलीवर थुंकलो. पत्ता तिथेच टाकला आणि जिना उतरलो. अशा बायकांना भिणारे मूर्ख असतात, असं मी मोठ्यानं म्हणत होतो. ऐकायला जिन्यात कुणी नव्हतं.

आता माझ्या उजव्या घोट्याभोवती एक वळ आहे. दोराचे तिन्ही पीळ मोजता येतील इतका स्पष्ट. वहिनी तेल चोळून देते. म्हणते, भाऊजी, बूट घट्ट होत असतील, मोठे घ्या.

दादा गेल्यापासून मी बूट घातलेलेच नाहीत.