स्थळपाहणी

शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते, तेव्हा तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात ओली छत्री, आणि ती ठेवायची कुठे हेच न कळलेला चेहरा.

"मी... काल फोन केला होता. स्थळपाहणीसाठी."

हाच तो! काल फोन ठेवल्या ठेवल्या आत्यानं जाहीर केलं होतं, "उद्या तुला बघायला स्थळ येतंय. मुलगा आवाजावरून सरळ वाटतो." मी तेव्हाच ठरवलं होतं, येऊ दे, दारातूनच वाटेला लावते.

"बघा," मी म्हणाले. तेलाचे हात पुसलेही नाहीत. "मी अशीच असते."

"बरंच आहे की. सजवून दाखवलेलं मला आवडत नाही."

आता याला काय म्हणायचं?

"खर्च कसा भागतो तुमचा?" त्यानं विचारलं.

"आल्या आल्या पैसे?"

"विचारावं लागतं. वरचे विचारतात."

"वरचे म्हणजे आई-वडील?"

"नाही... समिती."

समिती! घरात समिती बसवणारं स्थळ मी पहिल्यांदाच बघत होते. माझं डोकंच फिरलं.

"मग सांगा तुमच्या समितीला, मी ही जागा सोडणार नाही! बँक ज्यांना दारात उभं करत नाही त्या बायका इथं येतात. एक चपला शिवते, एक छत्र्या दुरुस्त करते. आम्ही त्यांना मशीन वापरायला देतो, गिऱ्हाईक गाठून देतो, जामीन राहतो. आणि आम्हाला कोण? निधीवाल्यांना नव्या मशीनशेजारी हसणाऱ्या बाईचा फोटो हवा. ते मशीन बिघडलं की दुरुस्त करणारीचा पगार, या खोलीचं भाडं... त्याचं नाव काढलं की सगळे छताकडे बघतात. महिनाअखेर निधी आला नाही तर इथं कुलूप. आणि येतात कसे— इस्त्रीचे शर्ट घालून, माना हलवत!"

त्यानं आपल्या शर्टाकडे पाहिलं.

"इस्त्री आजच केलीय," तो हळूच म्हणाला. "रोज नसते."

मी हसले. हसायचं नव्हतं... पण हसले.

"उभे काय राहिलात? हे चाक धरा."

त्यानं धरलं, उलटं फिरवलं, दोरा तोडला, आणि इतका ओशाळला की मला त्याच्या हातावर हात ठेवून चाक फिरवून दाखवावं लागलं. मग हात काढायचा राहिला. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात आत्या पाणी घेऊन आली. "काय मग? पसंत आहे ना?"

"खूप," तो गडबडीनं म्हणाला. "पण निधीचं समिती ठरवते, मावशी."

"कसला निधी? आम्ही मुलीबरोबर एक दमडी देणार नाही हं!"

तो माझ्याकडे बघतोय, मी आत्याकडे, आत्या त्याच्याकडे. मग एकदम सगळं कळलं, आणि त्या मशीनच्या पोटातच शिरावं असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात निधीवाल्यांचा निरोप आला की आमच्या जागेचा अहवाल तो लिहिणार नाही, दुसऱ्या बाई येतील. मी तडक त्याच्या ऑफिसात.

"मी तोंडाला येईल ते बोलले. त्याची शिक्षा आमच्या बायकांना कशाला?"

"शिक्षा नाही हो. लिहायला बसलो की वाक्य मशीनपासून सुरू होतं आणि... तुमच्यावर संपतं. असा अहवाल मी कुणाला दाखवू?"

माझे कान तापले. रागानं की कशानं, देव जाणे.

"त्या बाई कडक आहेत?"

"फार."

"म्हणजे आमचं गेलं! तुमच्या प्रामाणिकपणाचं भाडं आमच्या बायकांनी भरायचं?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही. बरोबर केलं की चूक... दोन्ही वाटतं."

भांडायला आले होते. निघताना त्याच्यासाठीच जीव तुटत होता. असला कसला राग हा?

कडक बाई आल्या, कोपरा न् कोपरा पाहून गेल्या. त्यांच्यासमोरही मी तेच बोलले, फक्त शर्टाचं गाळलं. निकाल आला: नवं मशीन नामंजूर, भाडं आणि पगार मंजूर. चपलावाली मला उचलून नाचली.

मी पुन्हा त्याच्या ऑफिसच्या जिन्यात.

"निधी मिळाला. तुमच्यामुळे नाही."

"नाहीच."

"म्हणजे तुमचे माझ्यावर उपकार नाहीत."

"एकसुद्धा नाही."

"म्हणून आलेय. उपकार असते ना, तर तुम्ही कितीही आवडलात तरी... आले नसते."

त्याला ते कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तो एकदम म्हणाला, "चला!" आणि जिना वर चढायला लागला.

"अहो, बाहेर जायचं तर खाली!"

"हो... हो."

मी त्याचा हात धरला आणि त्याला खाली वळवलं.