दचक

बेळगावच्या वाणी प्रयोगशाळेने सोमवारी सकाळी एक शब्द बाद केला, आणि तो नेमका रोझलिनचं आडनाव निघाला. आठ वर्षं तिथे काम करून जिच्यासाठी तिने रक्त आटवलं, त्या दुखावणारे शब्द अडवणाऱ्या वाणीगाळणीनेच तिला पुसून टाकलं होतं. ‘सिद्दी’ऐवजी आता ‘दूरमूळ नागरिक’ म्हणायचं होतं.

“सर, ती शिवी नाहीये. आमचं नाव आहे ते!” ती डॉ. अच्युत नाडगौडांवर उखडली. गाळणी त्यांच्याच डोक्यातून निघाली होती.

“अगं, गाळणीला अर्थ कुठे कळतो? ती फक्त दचक मोजते. शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या मेंदूत बारीकशी कळ उठते, छतातला दचकमापक ती टिपतो. सभागृहात एक जरी माणूस मर्यादेबाहेर दचकला, तरी शब्द ध्वनिक्षेपकातून पुढे जात नाही.”

“पण दचकतं कोण? आम्ही?”

“नाही. आम्हीच, बाकीचे.” नाडगौडा ओशाळले. “तुझ्यासमोर तो शब्द काढावा की नाही, या धास्तीने. आणि दचक साथीसारखी पसरते. चारजण दचकताना दिसले की पाचवा आपोआप शिकतो. म्हणून तर नवा शब्दसुद्धा वर्षभरात नासतो.”

दुपारी प्रयोगशाळेच्याच सभागृहात रोझलिनच्या गावाच्या वनजमिनीची सुनावणी होती. हल्याळच्या रानातल्या त्या जमिनीवर दावा होता शतकांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा. तिच्या आईने, जुलियानाने, समाजाचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. अधिकारी दूर कुठेतरी बसून पडद्यावर ऐकणार, आणि गाळणीतून जेवढं येईल तेवढंच ऐकणार. नाव पोहोचलं नाही तर दावा बाद, घरं खाली.

“सभागृहात फक्त आमचीच माणसं बसवली तर?” तिने विचारलं.

नाडगौडा हसले. “तर गाळायला काही उरणारच नाही. बाद शब्दांची यादी नुसतं सुचवते, अडवते ती दचकच. नियमात बसतं, बघ!”

तीन वाजता सभागृह गावकऱ्यांनी गच्च भरलं. रोझलिनने शिपायालासुद्धा बाहेर काढलं. आईला धीर यावा म्हणून ती पहिल्या रांगेत बसली, मांडीवर प्रत्येकाची दचक दाखवणारी आलेखाची पाटी घेऊन. नियमाप्रमाणे दारं बंद झाली. आता सुनावणी संपेपर्यंत कुणाला बाहेर जाता येणार नव्हतं.

“मी जुलियाना. आमी सिद्दी. ह्याच रानात माझा आजा वाढला.”

“समाजाचं नाव ऐकू आलं नाही,” पडद्यावरचा अधिकारी म्हणाला. “पुन्हा सांगा.”

रोझलिनने पाटीवर नजर टाकली. एकशे ऐंशी रेघा निवांत होत्या. एकच लाल होती, आणि ती तिची स्वतःची होती. आठ वर्षं ती दचकणाऱ्यांच्या पंगतीला बसली होती. तिला भयंकर लाज वाटली. तिने श्वास रोखला, मनाला दटावलं. रेघ आणखी वर चढली.

“सिद्दी!” आई ओरडली.

“ऐकू आलं नाही. ही शेवटची संधी.”

आई तिच्याकडे वळली. “बाय, मशीन बिघडलंय काय गं?”

“नाही आई. मशीन चांगलं आहे.”

एवढं बोलून रोझलिनने डोळे मिटले आणि आपल्याला शब्द ऐकूच येऊ नये, दचक उठूच नये म्हणून दोन्ही कान तळव्यांनी घट्ट दाबून धरले. भर सभेत आपल्याच नावाला कान झाकून बसलेली लेक आईने पाहिली, आणि बोलायला उघडलेलं तोंड तिने मिटून घेतलं.