उलटी बसलेली चिप

तर झालं असं... ती जुन्या पार्टांच्या दुकानात उभी होती, बाबांचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, पोर कडेवर घ्यावं तसा! दुकानदारानं चादरीचं टोक उचललं आणि नाक मुरडलं. "भंगारात द्या हो."

"अहो, थांबा थांबा!" मागून आवाज आला. वळून बघते तर एक कुरळ्या केसांचा मुलगा. "माझ्याकडे अगदी हाच आहे, लहानपणापासूनचा! मी करतो हा दुरुस्त... दाखवता?"

त्याचे डोळे कॉम्प्युटरवर आणि हिचे त्याच्यावर. कळलं ना? गेली ती कामातून!

मग काय, त्याच्या खोलीत हिच्या फेऱ्या सुरू. त्यानं फुगलेले कॅपॅसिटर बदलले, मेमरी वाढवली. पिवळी पडलेली बटणं औषध लावून खिडकीत उन्हाला ठेवली. ती बसून एकेक बटण उलटायची आणि तो... मान खाली घालून चोरून बघायचा.

"चादरवाली, इकडे या," एकदा तो म्हणाला. "जुन्या चिपा तापतात, गार होतात, हळूहळू सॉकेटमधून वर सरकतात. अशा दाबायच्या." टक्! आणि शप्पथ सांगते, ते टक् हिच्या छातीत कुठेतरी वाजलं.

कॉम्प्युटर चालू झाला. निळा पडदा, लुकलुकणारा चौकोन. बाबा तर लहान मूलच झाले. तरुणपणी स्वतः लिहिलेला गेम खेळत बसले. सगळे खूश. फक्त हिचं तोंड एवढंसं... आता कुठल्या निमित्तानं जायचं?

मग बाईंनी काय करावं? झाकण उघडून चिप जराशी वर उचलली! "परत सरकली वाटतं," त्याच्यापुढे अगदी साळसूदपणे. त्यानं दाबली, चहा पाजला. पुढच्या आठवड्यात परत तेच. बाबा म्हणाले, "माझ्यापेक्षा माझा कॉम्प्युटरच जास्त फिरतो गं!"

आणि एकदा... घाईत चिप अख्खीच हातात आली. बाहेर बाबांची पावलं! हिनं ती कशीबशी कोंबली, झाकण लावलं. बाबा आले, बटण दाबलं. जळका वास. काळा पडदा. बाबा नुसते झाकणावर हात ठेवून बसले गं.

ती रडवेली होऊन, कॉम्प्युटर उचलून त्याच्याकडे धावली. त्यानं झाकण उघडलं, चिपवर बोट ठेवलं.

"चिप सरकते, मान्य. पण स्वतःहून उलटी होऊन बसत नाही हो."

"मीच... दर वेळी मीच करायचे," ती म्हणाली.

"माहितीये."

"काय?"

"स्क्रूवर मी रंगाचा ठिपका देतो, कुणी झाकण उघडलं की तो तुटतो. पहिल्याच वेळी तो तुटलेला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर..." त्याचे कान लालेलाल. "तू परत आली असतीस?"

तू! पहिल्यांदाच. हिला रडावं की हसावं कळेना.

"पण बाबांचा कॉम्प्युटर... आता ही चिप कुठे मिळायची?"

तो उठला. फळीवरून स्वतःचा लहानपणापासूनचा कॉम्प्युटर काढला, उघडला आणि त्यातली चिप अलगद उपसली.

"अरे, नको! तुझा बंद पडेल!"

"पडू दे."

टक्! त्यानं बटण दाबलं... आणि निळ्या पडद्यावर तो इवलासा चौकोन लुकलुकू लागला. त्याचा उजेड तिच्या ओल्या गालावर.

"आता माझा कॉम्प्युटर बंद पडला," तो हळूच म्हणाला. "आठवण आली की तुमच्याच घरी यावं लागणार."

"रोज येईल आठवण?"

"सकाळ-संध्याकाळ."

ती हसली, मग पुन्हा गंभीर झाली. "बाबांना काय सांगू रे?"

"खरं ते."

"कुठलं खरं?"

त्यानं कॉम्प्युटर तिच्याच चादरीत नीट गुंडाळला, गाठ मारली आणि गाठीवरचा हात काही काढला नाही.

"चिपचं तू सांग," तो म्हणाला. "दुसरं... मी येतो ना बरोबर. मी सांगतो."