मान पुढे करणारा बैल

नेरहून यवतमाळला निघालेल्या एसटीत गौरीच्या मांडीवर एक लाकडी बैल होता. शेळीच्या करडाएवढा, शिंगं रंगवायची राहिलेला. गाडीने मोठा खड्डा घेतला आणि तो बैल एकदम जोरात ओरडला!

अख्खी बस वळून बघू लागली. गौरीने घाईघाईने त्याच्या पोटाखालचं बटण चाचपलं, पण ते सापडेपर्यंत त्याने आणखी दोनदा गळा काढला. शेजारी दांडीला धरून उभा असलेला एक मुलगा ओठ आवळून हसू दाबत होता.

“हसायला काय झालं?” गौरी फणकारली.

“काही नाही... म्हणजे... अंग बैलाचं हाय, पण आवाज हेल्याचा हाय.”

“कुणाचा?”

“हेल्याचा. रेड्याचा, मॅडम! आमच्या गोठ्यात दोन्ही हायेत, मले फरक समजते.”

गौरीचे कान तापले. “इंटरनेटवर तर बैल म्हणूनच लिहिलं होतं.”

“इंटरनेटवाल्यानं गोठा झाडला नसन कधी.”

आता मात्र तिलाच हसू फुटलं.

तिच्या शेजारची सीट रिकामी झाली, तसा तो बसला. नाव कपिल. तिच्याच कॉलेजात, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. नेरजवळच्या गावाहून रोज ये-जा करायचा. गौरी इलेक्ट्रॉनिक्सची. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. तसाच, पण स्पर्श ओळखून प्रतिसाद देणारा बैल तिने प्रोजेक्टसाठी करायला घेतला होता. वर्गातल्या मुलींनी आपापले गट केले, सर म्हणाले, “खेळणं कसलं करतेस?” आणि त्याच दिवशी तिने ठरवलं, करीन तर हेच करीन, एकटीने करीन. नेरच्या उकंडा मिस्त्रींकडून अंग कोरून घेतलं होतं. सर्किट तिचं, प्रोग्राम तिचा, आणि त्याचा अभिमानही भरपूर.

“मारलं तं काय करते हा?” कपिलने विचारलं.

“हंबरतो. मान हलवतो.”

“अन् लाड केले तं?”

“तेव्हाही... तेच.”

कपिलने बैलाच्या पाठीवरून हळूच बोट फिरवलं. “मंग मारणारा अन् लाड करणारा, दोघं सारखेच झाले ना याच्यासाठी?”

खिडकीबाहेर बाभळींच्या काट्यांना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकला होता. घर येईपर्यंत तिला दुसरं काही सुचलंच नाही.

पुढच्या रविवारी ती वही घेऊन त्याच्या गोठ्यात हजर! कपिलचे वडील नानाजी बैलांना वैरण टाकत होते. “आपल्या बैलायचा अभ्यास कराले आली व्हय?” ते खूश होऊन म्हणाले. “विचार पोरी, काय विचारायचं ते.”

कपिलने तिचा हात बैलाच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या मऊ कातडीवर नेला. “खाजवा आता. हळू...”

बैलाने डोळे अर्धे मिटले. मान लांब, लांब पुढे केली आणि सगळा भार तिच्या तळहातावर सोडून दिला.

“भेव वाटते का?” कपिल कानाशी पुटपुटला.

“नाही...” गौरी म्हणाली. छातीत धडधडत होतं खरं. पण ते बैलामुळे नव्हतं.

मग पाच आठवडे लॅबमध्ये दोघांची खटपट सुरू झाली. आवाज नानाजींच्या बैलाचा घेतला. गळ्याखालच्या कापडात गौरीने सेन्सर शिवले. मानेचे सांधे कपिलने कानशीने घासून घासून बसवले. मान कधी झटक्याने फिरायची, कधी अडकायची.

“अहो कपिल, तो स्क्रू—”

“अहो कायले म्हणते? मी तुह्याहून दोन महिन्यानं लहान हावो.”

“तुला कसं माहीत?”

तो गडबडला. “हॉल तिकिटावर... सहज पाह्यलं.”

“सहज?”

“दोनदा पाह्यलं.” आणि तो पुन्हा कानस चालवू लागला.

कॉलेजच्या प्रदर्शनातली प्रोजेक्ट स्पर्धा मात्र एकाच शाखेच्या गटांसाठी होती. दुसऱ्या शाखेचा हात लागला, तर प्रोजेक्ट बाद. “माह्यं नाव नको टाकू,” कपिल म्हणाला. “बैल चालला म्हणजे झालं.” गौरीने अर्जात एकटीचं नाव लिहिलं. पण त्या दिवसापासून तिला आतून काहीतरी खुपत राहिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी बैलाभोवती ही गर्दी! कपिल नानाजींना घेऊन दाराशी उभा होता, मान अडकलीच तर म्हणून हातात पाना धरून. एका चिमुरडीने बैलाला जोरात चापट मारली. बैलाने तोंड फिरवलं. ती हाका मारू लागली, तरी तो बघेना. तिचे ओठ थरथरले.

“गळ्याखाली खाजव,” गौरी म्हणाली, “हळू.”

बैल क्षणभर थांबला... मग सावकाश वळला आणि त्याने मान लांब करून तिच्या इवल्या हातावर टेकवली. मागून नानाजींचा आवाज आला, “हो रे राजा, हो...”

परीक्षकांनी चष्मा काढला. “मानेची ही चाल अप्रतिम आहे. ही पण तुम्हीच केलीत?”

नुसतं हो म्हटलं असतं, तर पहिला नंबर हातात होता. गौरीने दाराकडे पाहिलं.

“नाही सर. सर्किट आणि प्रोग्राम माझा. मान मेकॅनिकलच्या कपिलने केली आहे. तो बघा, तिथे उभा आहे.”

बक्षीस दुसऱ्या गटाला गेलं. कपिल तावातावाने तिच्यापाशी आला. “पागल झाली काय तू? काहून सांगितलं?”

“तुझं काम मी माझं म्हणून मिरवू? ते नाही जमणार मला.” तिची मान ताठ होती, डोळे मात्र भरले होते.

एवढ्यात तिचे बाबा, कमलाकरराव, ऑफिसातून थेट येऊन पोचले. “गौरी, सगळे तुझ्याच बैलाबद्दल बोलतायत! आणि हे कोण?”

“बाबा, हा कपिल. मान यानेच केली.” तिने एक श्वास घेतला. “आणि... मला हा आवडतो.”

कपिलच्या हातातला पाना खाली पडला. कमलाकरराव बघतच राहिले. नानाजींनी खाकरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “चाला साहेब, आपण चहा घेऊ. पोरायले बोलू द्या.” जरा घुटमळून कमलाकरराव गेले, जाताना दोनदा मागे वळून बघत.

“मले सांगायच्या आधी बाबाले सांगितलं?” कपिल कसाबसा म्हणाला.

“तू कधी सांगणार होतास?”

“सकाळपासून चार वेळा आलतो तुह्याजवळ...”

“मग आता सांग.”

भोवती सगळं कॉलेज होतं. मेकॅनिकलची पोरं तर टेबलावर चढून बघत होती. कपिलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, “मले बी तू लय आवडते, गौरी!”